'द विचर ४'साठी घरचा संगणक: आत्ताच सगळा बदलू की थांबू?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. इथले संगणकाचे धागे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

'द विचर ३' मे २०१५मध्ये आला तेव्हा मी आणि धाकटा भाऊ तो एकाच संगणकावर पाळीपाळीने खेळायचो. एक तास त्याचा, एक तास माझा. ज्याची पाळी नसेल त्याने शेजारी बसून रस्ता सांगायचा. डिसेंबर २०२४मध्ये चौथ्या भागाची पहिली झलक दाखवली, त्या दिवशी त्याचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "दादा, तुझ्या मशीनवर चालेल का रे हे?" तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

मशीन २०१८चं आहे, मीच जोडलेलं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम (एकच पट्टी), जीटीएक्स १०६० ६ जीबी, विंडोज १० साठी १२० जीबीची साटा एसएसडी आणि गेम्ससाठी १ टीबीची हार्ड डिस्क. पॉवर सप्लाय ४५० वॉटचा. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ.

तिसऱ्या भागाला डिसेंबर २०२२मध्ये मोठा अपडेट आला. तो घेतल्यापासून नोव्हिग्राड शहरात शिरलं की चित्र अडखळतं. नवा भाग यावर चालणार नाही हे मला कळतंय. एका मित्राचं म्हणणं आहे की जुनं सगळं मोडीत काढ आणि नवीन घे. एकदम एवढा खर्च झेपणार नाही, पण टप्प्याटप्प्याने करायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू? मुख्य म्हणजे, आत्ता करू की खेळ येईपर्यंत थांबू?

निळा पडदा

धाग्यात स्वागत. ग्राफिक्स कार्डापुरतं माझं उत्तर स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नका. बाकीच्या भागांबद्दल वेगळा विचार करता येईल.

या खेळाची सिस्टिम रिक्वायरमेंट, म्हणजे तो चालायला संगणकात काय काय लागेल त्याची यादी, कंपनीने अजून दिलेली नाही. २०२६ संपेपर्यंत खेळ येणार नाही, एवढं त्यांनी गुंतवणूकदारांना सांगितलंय. न छापलेल्या यादीसाठी आज कार्ड घेतलं, तर खेळ येईपर्यंत ते जुनं झालेलं असेल आणि हातातले पैसेही गेलेले असतील.

यादी आली तरी तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. याच कंपनीचा 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२०मध्ये आला, तेव्हा किमान यादीत जीटीएक्स ७८० आणि साधी हार्ड डिस्क होती. त्या यादीवर भरवसा ठेवून खेळ घेतलेल्या लोकांचे काय हाल झाले ते आपण पाहिलंय. २०२३मध्ये कंपनीनेच यादी बदलली. किमान कार्ड जीटीएक्स १०६० झालं, एसएसडी सक्तीची झाली. खेळ तोच, फक्त खरी गरज अडीच-तीन वर्षांनी कागदावर आली.

तोवर अंदाज कशावरून बांधायचा? मी कन्सोलवरून बांधतो. जून २०२५मध्ये या खेळाच्या तंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं. खेळाची नायिका सिरी केल्पी घोडीवरून कोव्हिरच्या डोंगरातून खाली बाजारात उतरते, तेच. ते साध्या पीएस५वर (प्लेस्टेशन ५), ६० एफपीएसने (सेकंदाला ६० फ्रेम्स), रे ट्रेसिंगसकट (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारं तंत्र) चाललं होतं. प्रात्यक्षिक म्हणजे अख्खा खेळ नव्हे, हे मान्य. पण कंपनी कोणतं यंत्र समोर ठेवून काम करतेय ते त्यातून कळतं. पीएस५मध्ये एएमडीच्या झेन २ पिढीचे ८ कोर आहेत, सगळ्यांना मिळून १६ जीबी मेमरी आहे आणि सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी आहे. तुमच्या मशीनची तुलना याच्याशी करून बघा. कार्ड मागे आहे, प्रोसेसर मागे आहे, मेमरीही कमी आहे. पण सगळ्यात मोठी दरी त्या हार्ड डिस्कची आहे.

आरामखुर्ची

कार्डाबद्दल सहमत. रॅमबद्दल मात्र "थांबा" म्हणणार नाही. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत, कारण कारखान्यांचं उत्पादन एआयच्या सर्व्हरांकडे वळलंय. डीडीआर४ तर तशीही निरोपाच्या वाटेवर आहे. तुमच्या बोर्डाला डीडीआर४च लागते. चांगली जोडी नजरेला पडली तर घेऊन ठेवा.

सोल्डर

थांबा, थांबा. काहीही विकत घेण्याआधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते मोजू या. दुखणं कुठलं ते न बघता औषध नको.

धागाकर्ते, एवढं करा. टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसेल, ते लिहून घ्या. मग खेळ सुरू करून नोव्हिग्राडच्या बाजारात एक फेरी मारा आणि कार्डाचा वापर किती टक्के आहे ते बघा. त्यानंतर रिझोल्युशन १०८०पीवरून ७२०पीवर आणून तीच फेरी पुन्हा मारा.

रिझोल्युशन उतरवल्यावर एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडतंय. जराही वाढले नाहीत तर कार्ड मोकळं आहे आणि प्रोसेसर किंवा मेमरी मागे रेटतेय. शहरात गर्दी असते, प्रत्येक माणसाची हालचाल प्रोसेसरला हाकावी लागते, म्हणून शहर निवडा. नंतर घोड्यावरून उघड्या रानात भरधाव जा आणि डिस्कचा आकडा बघा. कार्डाचं तापमानही टिपा.

एफपीएसची सरासरी मला नकोय. सर्वात वाईट १ टक्का फ्रेम्सचा आकडा द्या. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी ५५ असली आणि मधेच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेत असली, तर डोळ्याला तो झटकाच जाणवतो.

तिसरा डाव

विषय थोडा वेगळा, पण खर्च न होणारा. तुम्ही अजून विंडोज १०वर आहात. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमचा रायझन २६०० विंडोज ११च्या यादीत आहे, तेव्हा अडचण प्रोसेसरची नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एफटीपीएम आणि सेक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू कराव्या लागतील. काही खेळांनाही आता ते लागतं. 'बॅटलफील्ड ६'ला सेक्युअर बूट सक्तीचं आहे.

यात एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. २०१८च्या आसपास घाईघाईत टाकलेलं विंडोज बऱ्याचदा एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर असतं. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन उठवण्याची सोय) बंद करून सेक्युअर बूट चालू केलं की त्या डिस्कवरून मशीन उठतच नाही. काळा पडदा, पुन्हा बायोस, पुन्हा काळा पडदा. माझा अख्खा रविवार त्यात गेला. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या व्हॉल्यूम्स टॅबमध्ये पार्टिशन स्टाइल बघा. एमबीआर लिहिलेलं असेल तर विंडोजमधलंच 'एमबीआर२जीपीटी' वापरा. आधी नुसती तपासणी होते, नंतर बदल. डेटा जात नाही, तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. सीएसएम त्यानंतर बंद करायचं. क्रम उलटा झाला तर माझ्यासारखं होतं.

धागाकर्ता

सोल्डर, तुम्ही सांगितलंत तसं सगळं मोजलं. कागदावर लिहीत बसलो होतो, आता इथे उतरवतो.

मेमरी: ८पैकी ७.६ जीबी भरलेली. स्लॉट ४पैकी १. स्पीड २१३३ दिसतोय, पट्टीवरच्या स्टिकरवर मात्र ३००० लिहिलंय!
नोव्हिग्राडचा बाजार, १०८०पी: ३८ ते ४५ एफपीएस, कार्ड ६० ते ६५ टक्के. १ टक्क्याचा आकडा १९.
तीच फेरी, ७२०पी: ४० ते ४५. जवळपास तेवढेच. कार्ड ४० टक्क्यांवर आलं.
वेलेनचं रान, १०८०पी: कार्ड ९८ टक्के, ५५च्या आसपास.
घोडा भरधाव: डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन चिकटते आणि तेव्हाच झटका बसतो. दर वेळी.
कार्डाचं तापमान ८३.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या कार्डाला दोष देत होतो, ते शहरात निम्मंच काम करत होतं.

सोल्डर

छान टिपण. आता सगळं उघड दिसतंय. एक एक घेऊ.

स्पीड २१३३ म्हणजे बायोसमध्ये एक्सएमपी कधी चालूच केलेलं नाही. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. पट्टीवर काहीही छापलेलं असो, ते प्रोफाइल निवडेपर्यंत मेमरी आपल्या मूळ सावकाश वेगानेच धावते. हा बदल फुकट आहे, आजच करा.

पट्टी एकच असल्याने मेमरीचा एकच चॅनल चालतो. म्हणजे प्रोसेसरकडे जाणारा अर्धा रस्ता बंद. रायझनच्या या सुरुवातीच्या पिढ्यांना मेमरीचा वेग फार जाणवतो, कारण प्रोसेसरच्या आतल्या दळणवळणाचा वेगही त्याच्याशी बांधलेला असतो. एकाच पाकिटातल्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. शक्य झालं तर १६च्या दोन, नाहीतर ८च्या दोन. बसवताना प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारी-शेजारी बसवल्या तर बहुतेक बोर्डांवर पुन्हा एकच चॅनल राहतो. हे लोक हटकून चुकतात.

घोडा भरधाव असताना डिस्क १०० टक्के, हे तर सरळ आहे. पुढचं रान डिस्कवरून वेळेत येत नाही. हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शे-दीडशे एमबी देते, पण खेळात इकडचे तिकडचे हजारो बारीक तुकडे लागतात आणि तिथे ती अगदीच गळपटते. साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते. तुमच्या बोर्डावर एम.२चा स्लॉट असणार. पीसीआयई ३.० एनव्हीएमई, म्हणजे त्या स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी, तिथे साधारण ३५०० एमबीपर्यंत जाईल. चौथ्या भागाचं निम्मं दुखणं इथेच बरं होणार आहे.

कार्ड ८३ वर म्हणजे धूळ. पंखे बोटाने अडवून धरून हवेने साफ करा. हवेच्या झोताने पंखा मोकळा फिरू देऊ नका.

वाऱ्याची झुळूक

मी सहसा लिहीत नाही, पण पॉवर सप्लायचा विषय निघेलच म्हणून आधीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी नव्या कार्डासाठी नवा मॉड्युलर (केबल्स सुट्या लावता-काढता येणारा) पॉवर सप्लाय घेतला. जुन्याच्या केबल्स कॅबिनेटच्या पाठीमागून नीट ओवून बांधलेल्या होत्या. त्या काढून पुन्हा ओवायचा कंटाळा आला. टोकं अगदी हुबेहूब बसत होती, म्हणून जुन्याच केबल्स नव्या सप्लायला लावल्या. बटण दाबलं, बारीक टक् असा आवाज आला आणि जळका वास. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्या. हार्ड डिस्कवर दहा वर्षांचे फोटो होते.

डिस्ककडचं टोक सगळीकडे एकाच मापाचं आणि एकाच जोडणीचं असतं. सप्लायकडच्या टोकाला तसा नियमच नाही. प्रत्येक कंपनी, कधी कधी एकाच कंपनीची दोन मॉडेल्ससुद्धा, तारा वेगळ्या क्रमाने लावतात. माझ्या बाबतीत ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले. ज्या सप्लायच्या खोक्यात ज्या केबल्स आल्या, त्या त्याच सप्लायला लावायच्या. कृपा करून हे कुणीही विसरू नका.

निळा पडदा

@वाऱ्याची झुळूक, फार वाईट वाटलं वाचून. लिहिलंत ते बरं केलंत.

पॉवर सप्लायवरूनच पुढे. धागाकर्ते, कॅबिनेट उघडून सप्लायच्या अंगावरचा तक्ता वाचा. ४५० वॉट हा मोठा आकडा सोडा, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १२ने गुणलंत की कार्ड आणि प्रोसेसरला खरोखर किती मिळणार ते कळेल. २५ अँपिअर असतील तर ३०० वॉटच. तुमचं आत्ताचं कार्ड १२० वॉटचं आहे, आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉटचं. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ८ पिनच्या केबलमधून १५०. केबलला ८ पिन आहेत का तेही बघून ठेवा. आठ वर्षांचा साधा सप्लाय असेल तर नव्या कार्डाबरोबर तोही बदलायचा असं मनाशी धरून चाला.

आता कार्ड. जीटीएक्स १०६०ने तुमची चांगली साथ दिली, पण चौथ्या भागासाठी ते पुरणार नाही, आणि त्याचं कारण वेग हे नाहीच. त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही. डिसेंबर २०२४च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'पासून ते हार्डवेअर नसेल तर खेळच चालू नये, असे मोठे खेळ येऊ लागलेत. मे २०२५चा 'डूम: द डार्क एजेस'ही तसाच. शिवाय एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर या पिढीला नव्या खेळांचे ड्रायव्हर देणं थांबवलंय, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील.

कोणतं घ्यायचं याचं नाव आज देत नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ८ जीबी मेमरीचं कार्ड घेऊ नका, १२ किंवा १६चं बघा. दोन, तुमचा बोर्ड पीसीआयई ३.०चा आहे. आरटीएक्स ४०६०, ५०६० टीआय ही कार्डं स्लॉटच्या १६पैकी ८च लेन (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतात. नव्या बोर्डावर ते जाणवत नाही. ३.०वर रस्ता अरुंद होतो, आणि कार्डाची मेमरी भरून माल मुख्य रॅममधून ये-जा करायला लागला की झटके सुरू होतात. ८ जीबी आणि ८ लेन हे दोन्ही एकत्र आलं तर जुन्या बोर्डावर फार वाईट. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेनचं आहे, १६ जीबीतही मिळतं. आज घ्यावंच लागलं असतं तर माझा हात तिकडे गेला असता. इंटेलच्या आर्क बी५८०ला १२ जीबी आहेत, पण जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर फार भार टाकतो. तुमच्यासाठी नको.

नवखा प्रवासी

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे साधारण असंच मशीन आहे आणि मला मोठ्या ४के टीव्हीवर खेळायचंय. चालेल?

सोल्डर

१०८०पीमध्ये दर फ्रेमला २०,७३,६०० पिक्सेल असतात, ४केमध्ये ८२,९४,४००. बरोबर चौपट काम, आणि ते जवळजवळ सगळं कार्डावर. टीव्हीवर खेळा, पण खेळाच्या आत रिझोल्युशन कमी ठेवून एफएसआरसारखं अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणं) वापरा. ते तुमच्या जुन्या कार्डावरही चालतं. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला मात्र आरटीएक्स कार्डच लागतं.

आरामखुर्ची

प्रोसेसरचं कुणी बोललंच नाही. शहरातला मुख्य अडथळा तोच आहे.

बी४५० असणं हे तुमचं भाग्य आहे. त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो, म्हणजे २०१८च्या बोर्डावर दोन पिढ्या पुढचा प्रोसेसर. मित्र म्हणतो तसं सगळं मोडीत काढायची गरजच नाही. ५८००एक्स३डी मिळाला तर उत्तमच. त्यात ९६ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) आहे आणि गर्दीच्या शहरांत तिचा फरक उघड दिसतो. पण तो मिळणं कठीण झालंय, त्याच्या मागे वणवण करू नका.

याची तुम्हाला दुहेरी गरज आहे. हा खेळ कंपनीच्या जुन्या इंजिनावर नाही, अनरियल इंजिन ५वर बनतोय. त्या इंजिनाचे अनेक खेळ शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करताना आणि एका भागातून दुसऱ्यात जाताना अडखळतात, आणि ते ओझं प्रोसेसरवर येतं. प्रात्यक्षिकात जगाचा पुढचा भाग लवकर आत ओढण्याची नवी सोय दाखवली होती खरी, तरी सहा जुन्या कोरांवर मी विसंबणार नाही.

नवा प्रोसेसर बसवण्यापूर्वी, जुना जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, कोणत्या बायोसपासून चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. काही बोर्डांवर मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, तेही तिथेच असतं. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, तेव्हा यूपीएस लावा.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: एएम४च्या (तुमच्या बोर्डाच्या सॉकेटच्या) प्रोसेसरला पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. कूलर थंड असताना सरळ वर ओढलात तर वाळलेली थर्मल पेस्ट डिंकासारखी धरते आणि लॉक असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकतात. आधी पंधरा मिनिटं खेळ चालवून मशीन गरम करा, मग बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडवा, आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा. सैल झाला की मगच उचला.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी येतोय. सगळं एकदम केलं नाही, एकेक करत गेलो आणि दर वेळी नोव्हिग्राडची तीच फेरी मारून आकडा लिहिला.

पहिल्या दिवशी फक्त धूळ काढली आणि एक्सएमपी चालू केलं. कार्ड ८३वरून ७४ अंशांवर आलं, बाजारात ४४ ते ४८. एकही पैसा न घालता. मग १६च्या दोन पट्ट्या आणल्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. ५० ते ५४, पण खरा फरक १ टक्क्याच्या आकड्यात: १९चा ३४ झाला. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मग इतकी वर्षं काय केलंस?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एनव्हीएमई बसवल्यावर मशीन सुरू झालं आणि जुनी हार्ड डिस्क गायब. दहा मिनिटं पोटात गोळा. वाऱ्याची झुळूक यांचे फोटोच डोळ्यांसमोर आले. बोर्डाचं माहितीपत्रक काढून वाचलं, तर एम.२ वापरलं की दोन साटा पोर्ट बंद होतात, असं बारीक अक्षरात छापलेलं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली आणि डिस्क परत आली. खेळ एनव्हीएमईवर हलवला. घोडा भरधाव सोडला, वेलेनपासून नदीपर्यंत, एकही झटका नाही. हे सगळ्यात जास्त आवडलं.

डिस्क खरंच एमबीआर निघाली. तिसरा डाव, तुमच्या क्रमाने केलं: बॅकअप, तपासणी, बदल, मग सीएसएम बंद. अर्ध्या तासात विंडोज ११.

शेवटी प्रोसेसर, रायझन ५ ५६००. बायोस दोन पायऱ्यांत टाकावं लागलं. मशीन गरम करून उघडलं, चार स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे सोडवले. शेवटचा स्क्रू निघताच बोर्डामागची पट्टी सुटून खाली आली. ती याच स्क्रूंनी धरलेली असते हे मला माहीत नव्हतं. पुढे करणाऱ्यांनी मागून एक हात लावून ठेवा. कूलर पकडून फिरवला. आधी हललाच नाही. मग जरा जोर लावल्यावर चिकट, ओला असा आवाज करत केसाएवढा सरकला, पुन्हा उलटा फिरवला, आणि चौथ्या-पाचव्या फेऱ्याला अलगद सुटला. प्रोसेसर सॉकेटमध्येच होता. पेस्ट कडांना वाळून खडूसारखी झाली होती, मध्ये अजून मऊ. आइसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसली.

नवा प्रोसेसर बसवल्यावर आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला. कारण शोधलं तर बायोस अपडेटने एक्सएमपी पुन्हा बंद केलं होतं, मेमरी परत २१३३वर. ते चालू केल्यावर बाजारात ६० एफपीएस, १ टक्क्याचा आकडा ४८, कार्ड ९७ टक्के.

म्हणजे आता शहरातही कार्डच शेवटचं टोक आहे, बरोबर ना?

सोल्डर

अगदी बरोबर. आता नवं कार्ड घातलंत की त्याचा पूर्ण उपयोग होईल. जुन्या प्रोसेसरवर आणि एका पट्टीवर तेच कार्ड घातलं असतं, तर शहरात तेच ४० एफपीएस दिसले असते.

निळा पडदा

आणि सप्लायचा तक्ता?

धागाकर्ता

वाचला. +१२ व्होल्टला २८ अँपिअर, म्हणजे ३३६ वॉट. ८ पिनची केबल एकच आहे. तेव्हा कार्डाबरोबर सप्लायही, आणि केबल्स त्याच खोक्यातल्या. दोन्हीचे पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केलीय. यादी छापून येऊ दे, खेळ येऊ दे, लोकांनी तपासू दे, मग घेईन. कार्डाच्या लांबीसाठी कॅबिनेटही मोजलं: हार्ड डिस्कचा पिंजरा असताना २६ सेंटिमीटर, तो काढला तर ३७.

भावाचं मशीन माझ्यापेक्षा एक वर्ष जुनं आहे, इंटेलचं. काल त्याला टास्क मॅनेजर उघडायला लावलं. स्लॉट ४पैकी १. बाकीचे आकडे तो आज रात्री मोजणार आहे, ते इथेच टाकतो.